नागपाड्यातले शेजारघर आणि आपला मोहल्ला

मराठी माध्यमाची असो की उर्दू माध्यमाची, आजकाल बहुतेक शाळांच्या भिंतीवर एक क्रमांक रंगवलेला असतो: १०९८. संकटात सापडलेल्या मुलाने किंवा मुलाला संकटात पाहणाऱ्या कुणीही फिरवायचा हा क्रमांक. पैसे लागत नाहीत. लहानग्यांच्या लक्षात राहावा म्हणून आम्ही तो 'दस, नौ, आठ' असा म्हणवून घेतो. मराठवाड्यात या क्रमांकामुळे कितीतरी मुलींची कोवळ्या वयातली लग्ने मांडवात थांबली आहेत. अशा बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतोच.

पण हा क्रमांक सुरू कुणी केला, असे विचारले तर बहुतेक जण सरकारचे नाव घेतात. सरकारने तो पुढे उचलला आणि देशभर नेला, हे खरे आहे. सुरुवात मात्र १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा एक प्रयोग म्हणून झाली होती. आणि या संस्थेचा उगम शोधत मागे गेले तर आपण देवनारच्या हिरव्या आवारात थांबत नाही. भायखळ्याजवळच्या नागपाड्यात, दाटीवाटीच्या मुस्लीम वस्तीतल्या एका घरापाशी जाऊन पोहोचतो. त्या घराचे नाव नागपाडा नेबरहूड हाऊस. आपण त्याला शेजारघर म्हणू.

या घराची गोष्ट आपल्या समाजात फारशी सांगितली जात नाही. ते घडले आपल्याच वस्तीत, आणि त्याच्या अंगणात आपलीच मुले खेळली. म्हणून ती आज सांगावीशी वाटते.

लंडन, शिकागो आणि मग मुंबई

अशा घरांना इंग्रजीत 'सेटलमेंट हाऊस' म्हणतात. आपल्या भागात सेटलमेंट हा शब्द ऐकला की जुन्या माणसांना सोलापूरची सेटलमेंट आठवते. इंग्रजांनी ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता त्यांना तारेच्या कुंपणात कोंडून, हजेरी घेऊन ठेवले, ती जागा. इथे अर्थ अगदी उलटा आहे. गरिबांना कुंपणात ठेवण्याऐवजी शिकलेल्या माणसाने स्वतः गरिबांच्या वस्तीत बिऱ्हाड करायचे, अशी ही कल्पना होती.

सुरुवात लंडनमध्ये झाली. शहराच्या पूर्वेकडचा व्हाइटचॅपेल हा भाग तेव्हा हमाल, शिवणकाम करणारे आणि परदेशातून आलेले ज्यू निर्वासित यांचा होता. तिथले पाद्री सॅम्युएल बार्नेट आणि त्यांच्या पत्नी हेन्रिएटा यांनी १८८४ मध्ये टॉयन्बी हॉल सुरू केला. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची तरुण मुले तिथे राहायला येत. आठवड्यातून एकदा खाऊ वाटून परत जाणाऱ्यांतली ती नव्हती. त्याच गल्लीत झोपायचे, तोच धूर गिळायचा आणि संध्याकाळी शेजाऱ्यांना शिकवायचे, असा त्यांचा क्रम. आज व्हाइटचॅपेलमध्ये बांगलादेशी मुस्लीम कुटुंबांची मोठी वस्ती आहे. टॉयन्बी हॉलही चालू आहे. तिथे मोफत कायदेशीर सल्ला देण्याची प्रथा शंभरहून अधिक वर्षांची आहे.

टॉयन्बी हॉल पाहून गेलेल्या जेन अ‍ॅडम्स या अमेरिकन बाईंनी आपली मैत्रीण एलेन गेट्स स्टार हिच्यासोबत १८८९ मध्ये शिकागोत हल हाऊस उघडले. आजूबाजूला इटली, ग्रीस, रशिया अशा देशांतून आलेली कामगार कुटुंबे. बालवाडी, शिवणवर्ग, वाचनालय, खेळाचे मैदान असे एकेक काम वाढत गेले. त्या वस्तीत कचरा उचलला जात नसे आणि मुले आजारी पडत. तेव्हा जेनबाईंनी तक्रारी करकरून शेवटी आपल्या वॉर्डाच्या कचरा निरीक्षकाचे पद स्वतःकडे घेतले. भल्या पहाटे त्या कचऱ्याच्या गाड्यांमागे फिरत. पुढे १९३१ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या पारितोषिकाएवढीच आम्हाला ती कचऱ्याची गाडीही महत्त्वाची वाटते. शेजारी राहणाऱ्यालाच त्या वासाचा त्रास होतो, आणि म्हणून तोच मागे लागतो.

ही शिकागोची हवा घेऊन एक तरुण १९२५ मध्ये मुंबईत उतरला. त्याचे नाव क्लिफर्ड मॅनशार्ट.

नागपाडा, १९२६

मॅनशार्ट आले ते अमेरिकन मराठी मिशनच्या वतीने. हे मिशन १८१३ पासून मुंबईत होते. शाळा, छापखाने, दवाखाने ही कामे त्याच्याकडे होतीच. १९२६ मध्ये मिशनने ठरवले की शहराच्या गरीब वस्तीत कायमचे काम करणारे एक केंद्र हवे. जागा निवडली नागपाड्याची, आणि पहिले संचालक झाले डॉ. मॅनशार्ट.

तो नागपाडा डोळ्यांसमोर आणायला हवा. १८९६ च्या प्लेगने मुंबई हादरली तेव्हा इंग्रज सरकारने सुधारणा ट्रस्ट नेमला. दाट वस्त्या पाडायच्या आणि रुंद रस्ते काढून नव्या चाळी बांधायच्या, हे त्याचे काम. ट्रस्टच्या अगदी पहिल्या योजनांत नागपाडा होते. रस्ते सरळ झाले, पण दाटी हटली नाही. त्या काळी मुंबईतल्या निम्म्याहून कितीतरी अधिक लोकांचा संसार एकाच खोलीत चाले. एका बाजूला मदनपुरा, म्हणजे उत्तर प्रदेशातून आलेल्या मोमिन विणकरांची वस्ती. दुसऱ्या बाजूला कामाठीपुरा, जिथल्या बायकांचे दुःख सगळ्यांना माहीत होते आणि कुणीच बोलत नसे. थोडे पुढे जे. जे. रुग्णालय. भायखळ्याला डेव्हिड ससून यांनी १८६१ मध्ये बांधलेले सिनेगॉग. कोकणी मुसलमान, मेमन, बगदादी ज्यू, घरात मराठी बोलणारे बेने इस्राएल, ख्रिस्ती, हिंदू गिरणी कामगार, सारे एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहत. सआदत हसन मंटो १९३० आणि १९४० च्या दशकांत याच परिसरात राहिले आणि इथल्याच गल्ल्या त्यांच्या अफसान्यांत उतरल्या. उर्दू शिकवताना मुलांना नागपाडा हे नाव आधी मंटोंमुळे कळते. तिथे असे एक घरही होते, हे त्यांना कुणी सांगत नाही.

शेजारघराचे काम ऐकायला साधे वाटते. संध्याकाळी मुलांसाठी खेळ. मोठ्यांसाठी वर्ग. बसून वाचायला जागा. आरोग्याचे काम. आणि व्याख्याने. या व्याख्यानांकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. १९३० मध्ये 'बॉम्बे टुडे अँड टुमॉरो' नावाचे पुस्तक निघाले. शेजारघरात मुंबई शहराच्या प्रश्नांवर दिलेली आठ व्याख्याने त्यात एकत्र केली होती. शहराचे काय करायचे याची चर्चा फोर्टातल्या क्लबात न होता नागपाड्यात झाली, आणि ऐकायला नागपाड्याला जावे लागले. गरीब वस्तीकडे जायचे ते काही द्यायला, असे समजणाऱ्यांना हे नवे होते. चार वर्षांनी 'बॉम्बे लुक्स अहेड' हे दुसरे पुस्तकही आले.

मिशनचे घर, मुस्लीम वस्ती

इथे वाचकांच्या मनात एक प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. मिशनचे घर, पाद्री संचालक आणि वस्ती मुसलमानांची, मग यामागे हेतू काय? आपल्या बुजुर्गांनी तेव्हा हाच प्रश्न विचारला असेल.

मॅनशार्ट यांचे म्हणणे या बाबतीत स्पष्ट होते. समाजसेवेचा गळ टाकून धर्मांतराचे मासे पकडायचे, हे त्यांना मान्य नव्हते. सेवा हीच सेवेची किंमत, तिच्या मोबदल्यात काही मागायचे नाही, अशी त्यांची भूमिका होती. मिशनऱ्यांवर गांधीजींनी जी टीका केली, ती पुढे १९४९ मध्ये याच मॅनशार्टांनी निवडून, संपादित करून अमेरिकेत पुस्तकरूपाने छापली. स्वतः मिशनतर्फे आलेल्या माणसाने आपल्याच मंडळींपुढे हा आरसा धरावा, याला मन मोठे लागते.

तरीही आमचे मत असे की विश्वास लेखांनी मिळत नाही. एखादे घर रोज संध्याकाळी ठरल्या वेळी उघडते, मूल तिथून खेळून, वाचून घरी परत येते आणि त्याच्या नमाजला, त्याच्या नावाला कुणी हात लावत नाही, हे आईबापांनी वर्षानुवर्षे पाहिले म्हणजे मग दार आपले वाटू लागते. नागपाड्याने मुले पाठवली, यातच सारे आले.

त्याची एक खूण अजून दिसते, ती म्हणजे बास्केटबॉल. हा खेळ मुळात अमेरिकेचा. १८९१ मध्ये तिथल्या एका शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने थंडीत बंदिस्त जागेत खेळता यावा म्हणून तो शोधला. क्रिकेटला लागते तेवढे मैदान नागपाड्यात कुठून येणार? पण दोन कड्या आणि छोटी फरशी पुरते म्हटल्यावर पोरांनी तो उचलला. शेजारघर आणि मस्तान तलावाचे मैदान या दोन ठिकाणांनी मिळून नागपाड्याला बास्केटबॉलचे गाव बनवले. याच वस्तीतला अब्बास मुंतसिर भारतीय संघाचा कर्णधार झाला. त्याला १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. ज्या मोहल्ल्याची ओळख वर्तमानपत्रांत केवळ गुन्हेगारीच्या बातम्यांतून होते, त्या मोहल्ल्याने देशाला खेळाडू दिले. हे आपल्या मुलांना आवर्जून सांगितले पाहिजे.

अफवांचे दिवस

शेजारघर सुरू झाले आणि दोन-तीन वर्षांतच मुंबई पेटली. १९२८ मध्ये गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप झाला होता. माणसे भुकेली आणि चिडलेली होती. फेब्रुवारी १९२९ मध्ये एक अफवा पसरली की पठाण लोक मुले पळवून नेत आहेत, बडोदा संस्थानात पूल बांधला जातोय आणि त्याच्या पायात बळी देण्यासाठी मुले हवी आहेत. या एका खोट्या गोष्टीवरून दंगल उसळली आणि पुष्कळ माणसे मेली. १९३२ मध्ये पुन्हा दंगल. १९३६ च्या ऑक्टोबरात तर थेट भायखळ्यातच, मंदिराच्या सभामंडपावरून.

मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा वाचून आजच्या वाचकाला काही आठवले असेल. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेवरून भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्या दिवसांत आपल्या भागातही मोबाइलवर तेच संदेश फिरत होते. नव्वद वर्षांत साधन तेवढे बदलले.

१९३६ मध्येच मॅनशार्ट यांचे 'द हिंदू-मुस्लिम प्रॉब्लेम इन इंडिया' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखक नागपाड्यात बसून लिहीत होता, एवढे ध्यानात ठेवून ते वाचायला हवे. एका घराने शहराची दंगल थांबत नाही, आणि तसा दावा आम्ही करणार नाही. पण ज्या मुलाने रोज संध्याकाळी दुसऱ्या धर्माच्या मुलाकडे चेंडू फेकला आहे, त्याला त्या मुलाच्या बापाबद्दलची अफवा पचवणे जरा जड जाते. शिक्षक म्हणून इतके आम्ही पाहिले आहे.

घराच्या पोटी शाळा

दहा वर्षे वस्तीत काढल्यावर मॅनशार्ट यांच्या लक्षात आले की चांगले मन पुरेसे नाही. क्षयाच्या रोग्याला कुठे पाठवायचे, नवऱ्याने टाकलेल्या बाईचा दावा कसा लावायचा, चोरी करणाऱ्या मुलाशी कसे बोलायचे, कुटुंबाची पाहणी करून ती कागदावर कशी मांडायची, हे शिकावे लागते. डॉक्टर शिकतो, वकील शिकतो, मग समाजसेवकाने का शिकू नये?

सर दोराबजी टाटा १९३२ मध्ये वारले. त्यांच्या नावाचा ट्रस्ट त्याच वर्षी उभा राहिला होता आणि मॅनशार्ट त्याला सल्ला देत होते. त्यांनी कल्पना मांडली आणि विश्वस्तांनी ती उचलली. १९३६ मध्ये 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' सुरू झाले. समाजकार्याचे पद्धतशीर शिक्षण देणारी ही भारतातली पहिली शाळा, आणि तिचे वर्ग भरले नागपाड्याच्या शेजारघरातच. पहिल्या तुकडीत विद्यार्थी होते २०. पहिले संचालक मॅनशार्ट, त्यांच्यानंतर डॉ. जे. एम. कुमारप्पा. १९४१ मध्ये मॅनशार्ट यांनी काम सोडले. १९४४ मध्ये शाळेचे नाव बदलून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले, १९५४ मध्ये ती देवनारला गेली आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

पुस्तक आणि वस्ती यांत जिना उतरण्याएवढेच अंतर असावे, ही आमच्या मते या शाळेची सर्वात मोठी गोष्ट. आमच्या बी. एड.च्या वर्षात 'समाजाशी संपर्क' हा विषय होता. त्यासाठी एका दुपारी आम्ही जीपमधून एका तांड्यावर गेलो, फोटो काढले आणि वहीत अहवाल चिकटवला. नागपाड्याच्या विद्यार्थ्यांना ही सोय नव्हती. प्रश्न त्यांच्या दारात उभा असे.

शाळेचे फळ लवकर दिसू लागले. १९३७ मध्ये तिने अडचणीतल्या मुलांसाठी बालमार्गदर्शन केंद्र काढले. १९४६ मध्ये शेजारच्या जे. जे. रुग्णालयात देशातला पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. आता हे ऐकून वाटेल की यात आपले काय? लातूरच्या सरकारी दवाखान्यात गेलात तर समाजसेवा अधीक्षक अशी पाटी असलेली खोली सापडेल. पेशंटजवळ पैसे नाहीत, शासकीय योजनेसाठी रेशन कार्ड कोणते लागेल कळत नाही, पुण्या-मुंबईला हलवायचे तर मदत कुठे मागायची, हे सारे त्या खोलीत विचारायचे असते. आपले लोक तिथे जातच नाहीत. आधी डॉक्टरच्या दारात, मग ओळखीच्या पुढाऱ्याच्या दारात आणि मग सावकाराच्या दारात जातात. वाचकांनी ही पाटी लक्षात ठेवावी. ती खोली आपला हक्क आहे.

१९८४ मध्ये याच संस्थेने मुंबई पोलिसांच्या मुख्यालयात स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. घरात मार खाणारी बाई पोलिस चौकीत गेली तर तिच्याशी आधी प्रशिक्षित समाजसेविका बोलेल, अशी ती योजना. पुढे राज्य शासनाने ती स्वीकारली आणि ती जिल्ह्याजिल्ह्यात गेली. आणि १९९६ मध्ये आला १०९८.

आपल्या वाटेवर

आमच्या चाकूरवरून जाणारा ३६१ क्रमांकाचा महामार्ग तुळजापूरहून निघतो आणि औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर करत नांदेडकडे जातो. तुळजापूरला टाटा संस्थेचे ग्रामीण आवार आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते उभे राहिले. म्हणजे नागपाड्याची ही फांदी आपल्याच रस्त्यावर येऊन टेकली आहे. बारावीनंतर समाजकार्याकडे वळू पाहणाऱ्या मुला-मुलींनी डी. एड., नर्सिंग आणि 'काहीतरी कॉम्प्युटर' यांच्या पलीकडे ही वाटही पाहावी.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या भागात कुणी विसरलेले नाही. आम्ही तेव्हा शाळेत शिकत होतो. किल्लारीच्या भूकंपात जवळपास आठ हजार माणसे गेली. पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवायची ठरली. गावकऱ्यांचे म्हणणे ऐकून घ्यायचे, ते योजनेपर्यंत पोहोचवायचे, या कामात टाटा संस्थेची माणसे होती. घरे मजबूत झाली, यात शंका नाही. पण जमिनीच्या प्रमाणात घराचा आकार ठरला आणि आकाराप्रमाणे रांगा लागल्या. जुन्या गावात जिच्या चुलीवरून विस्तव आणायचा ती शेजारीण नव्या गावात चार गल्ल्या लांब गेली. बायका पुष्कळ वर्षे हीच तक्रार करत राहिल्या. घर बांधता येते, शेजार बांधायला वेळ लागतो, हे तिथे सर्वांनी डोळ्यांनी पाहिले.

आता आपल्या मोहल्ल्याकडे येऊ.

आमच्या वर्गात एक मुलगी आहे. नाव सांगत नाही. दहावीला आहे आणि गणितात वर्गात पहिली. घर एका खोलीचे, माणसे सात. संध्याकाळी टीव्ही चालू, धाकटी भावंडे रडत असतात आणि वडील कामावरून थकून आलेले. ही पोर ओट्यावर दिव्याच्या खांबाखाली वही घेऊन बसायची. मग गल्लीत मुलांची ये-जा वाढली म्हणून अम्मीने आत बोलावून घेतले. एक दिवस तिने विचारले, "सर, शाळा सुटल्यावर दोन तास वर्गातच बसू दिलं तर चालेल का?" शाळेला पाच वाजता कुलूप लागते आणि शिपाई घरी जातो. नियम नियमाच्या जागी बरोबर आहे. पण १९२६ च्या नागपाड्यातली एक खोली आणि आजच्या तालुक्याच्या गावातली ही एक खोली यांत आम्हाला फरक सापडेना.

मुलांचे बरे असते. ते मशिदीच्या ओट्यावर बसतात, चौकात बसतात, मित्राच्या दुकानात बसतात. मुलीला घर सोडून बसायला जागाच नाही. ती नापास झाली किंवा आठवीनंतर घरी बसली, की आपण म्हणतो तिला शिक्षणाची आवड नव्हती.

आपल्याकडे देणारे हात कमी नाहीत. रमजानमध्ये जकात निघते, राशनची किट वाटली जातात, गरीब मुलींची लग्ने लावून दिली जातात. हे सारे चांगलेच आहे आणि चालू राहावे. पण हे येऊन जाणारे काम आहे. वर्षभर रोज संध्याकाळी उघडणारे दार ही वेगळी गोष्ट. खरे तर ही कल्पना आपल्याला परकी नाही. चौदाव्या शतकात दिल्लीहून दख्खनेत आलेले आणि खुलदाबादला विसावलेले हजरत बुरहानुद्दीन गरीब आणि त्यांच्यासारखे सूफी बुजुर्ग लोकांत येऊन राहिले. खानकाह म्हणजे उघडे दार, लंगर आणि बसायला जागा. येणाऱ्याला तू कोण, हे तिथे विचारले जात नसे. लंडनच्या टॉयन्बी हॉलच्या पाचशे वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

मग आज जागा कुठून आणायची? मराठवाड्यातल्या बहुतेक मुस्लीम वस्त्यांत शादीखाना असतो. मोठा हॉल, पंखे, पाण्याची टाकी, संडास, समोर थोडे अंगण. लग्नाच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि एरवी त्याला कुलूप असते. मोहल्ल्यातल्या आम्ही चार शिक्षक-शिक्षिका आणि निवृत्त झालेल्या एक अंगणवाडीताई यांनी मिळून आमच्या वस्तीतल्या शादीखान्याच्या कमिटीपुढे एक अर्ज ठेवला आहे. मागणी लहान आहे. नववी-दहावीच्या मुलींसाठी संध्याकाळी असर ते मगरिब एक बाजू उघडावी. दोन सतरंज्या, दोन ट्यूबलाइट, एक कपाट. रोज आमच्यापैकी एक शिक्षिका हजर राहील. आठवड्यातून एक दिवस बायकांसाठी कागदपत्रे भरून देणारी बैठक असेल: आधार, रेशन, शिष्यवृत्ती, दवाखान्याची योजना. सुट्टीच्या दिवशी सकाळी अंगणात मुलांचा खेळ. मोहल्ल्याच्या कडेला राहणाऱ्या बंजारा आणि मातंग कुटुंबांच्या मुलीही त्याच शाळांत शिकतात. त्याही येतील.

कमिटीतल्या वडीलधाऱ्यांनी ऐकून घेतले. एकाने विचारले, वीजबिल कोण भरणार? दोन ट्यूबलाइटचे आम्ही भरू, असे सांगितले. दुसऱ्याने विचारले, मुली येताना-जाताना काही झाले तर? त्यावर अंगणवाडीताई म्हणाल्या, "चाचा, मी स्वतः घरोघरी सोडून येईन, तीस वर्षं या गल्ल्यांतच फिरले." तिसऱ्यांनी लग्नांच्या तारखांची वही पुढे केली आणि म्हणाले, बघा, हॉल रिकामा असतो कुठे? आम्ही ती वही तिथेच बसून चाळली. मागच्या बारा महिन्यांत लग्न, वलिमा, हळद आणि सभा धरून हॉल ६१ दिवस लागला होता. उरलेल्या दिवसांची चावी कुणाकडे राहील, ते पुढच्या जुम्म्यानंतरच्या बैठकीत ठरणार आहे.